आधी घड्याळ उलटं करा

स्विस घड्याळं स्वस्त होणार, ही बातमी वाचून लग्नसराईची घड्याळखरेदी पुढं ढकलावी का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बातमीचं मूळ असं : स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी भारताचा व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं, काही वर्षांत उतरणार आहे. उतरणार आहे ते फक्त आयात शुल्क. जीएसटी तसाच राहतो, दुकानदाराचा नफाही राहतो. आणि बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणी-चिकोडीच्या दुकानांत आपल्यापैकी बहुतेकजण जे घेतात, ते होसूरच्या कारखान्याचं टायटन किंवा कॅसिओ, सिटिझन, सेको अशा जपानी कंपन्यांचं घड्याळ. त्यांचा या कराराशी काही संबंध नाही. तेव्हा थांबायचं कारण नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. घड्याळ आपण तोंड बघून घेतो. डायल आवडला, नाव ओळखीचं निघालं, की पैसे मोजले. शौकीन माणूस मात्र डायल बघून झाला की एक गोष्ट हमखास करतो. "मामा, जरा उलटं करून दाखवा की," म्हणतो आणि पाठीवरची बारीक अक्षरं वाचतो. घड्याळाची निम्मी कुंडली तिथंच लिहिलेली असते.

पाठीवरची अक्षरं काय सांगतात?

'ऑल स्टेनलेस स्टील' आणि 'स्टेनलेस स्टील बॅक' या दोन छापांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिल्याचा अर्थ, अख्खी डबी स्टीलची. दुसऱ्याचा अर्थ, स्टीलचं फक्त झाकण. बाकी डबी पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर मुलामा चढवलेला असतो. कधी 'बेस मेटल बेझल', म्हणजे काचेभोवतीचं कडं हलक्या धातूचं, असं स्पष्टच लिहिलेलं असतं.

मुलाम्यानं बिघडतं काय? घामात मीठ असतं. मुलामा जिथं आधी झिजतो, म्हणजे मनगटाला घासणारी कड आणि पट्टा धरणारे कान, तिथून मीठ आत शिरतं. पितळ असेल तर पिवळा डाग पडतो आणि न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा थर धरतो. जस्त असेल तर बारीक खड्डे पडत जातात. शेवटी कानातलं भोक मोठं होतं, पट्ट्याची पिन त्यात ठरत नाही आणि चालू मशीनचं घड्याळ केवळ डबीमुळे टाकून द्यावं लागतं. ज्यांना फार घाम येतो त्यांनी मुलाम्याच्या सोनेरी घड्याळाच्या वाटेला जाऊच नये. स्टीलमध्ये '३१६ एल' हा प्रकार घड्याळांसाठी चांगला मानतात. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे तो मिठाला जास्त दाद देत नाही. स्टीलमध्येही निकेल असतंच, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी टायटॅनियमची डबी पाहावी.

'जपान मूव्हमेंट' किंवा नुसतं 'जपान मूव्ह्ट' लिहिलेलं असलं तर जपानी आहे ते आतलं मशीन. डबी, डायल, काटे कुठलेही असू शकतात. यात फसवणूक नाही, पण विक्रेता "जपानी घड्याळ आहे" म्हणाला तर ते खरं नव्हे. 'स्विस मेड'चा नियम कडक आहे : मशीन स्विस हवं, ते डबीत बसवणं आणि अखेरची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवी, आणि २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा तिथला हवा. म्हणजे उरलेला ४० टक्के वाटा बाहेरचा असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

पाठीवर मॉडेल नंबरही असतो. बिल कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, हाच नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर लिहून घ्यायचा. नुसतं 'जेंट्स वॉच १ नग' लिहिलेलं बिल पुढं दाव्याच्या वेळी फारसं कामाला येत नाही.

'३० मीटर' म्हणजे पाण्यात किती खोल?

पाठीवरची सगळ्यात जास्त गैरसमज करून देणारी ओळ ही. '३० मीटर' किंवा '३ बार' लिहिलेलं घड्याळ घालून विहिरीत उडी मारायची नसते. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे. घड्याळ नवं, पाणी स्थिर, हालचाल शून्य. आपण हात मारत पोहतो, नळाची धार थेट घुंडीवर घेतो, आणि चार वर्षांत आतली रबरी रिंग कडक होऊन गेलेली असते. नव्या छत्रीवर पाणी ओतून बघणं आणि तीच छत्री जुनी झाल्यावर कणकुंबीच्या पावसात वाऱ्याविरुद्ध धरणं, इतका या दोन्हींत फरक आहे.

व्यवहारात हिशेब असा धरावा. ३० मीटर : हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे शिंतोडे. ५० मीटर : भर पावसात मोटारसायकल, फार तर थोडंसं पोहणं. १०० मीटर : निर्धास्त पोहणं. २०० मीटर आणि घुंडी आट्यांनी आवळून बसणारी असेल तर समुद्रातही चालतं. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं, कडक मानक आहे आणि त्याची सुरुवातच १०० मीटरपासून होते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबीकडची माणसं किंवा चोर्ला घाटातून दुचाकीनं ये-जा करणारे, यांनी ५० मीटरच्या खाली उतरू नये. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत ३० मीटरचं घड्याळ वर्षानुवर्षं टिकतं.

पाणी आत शिरायच्या वाटा तीनच : घुंडी, पाठीचं झाकण आणि काचेची कड. घुंडी ओढून वेळ लावली आणि परत दाबायची राहिली, तर २०० मीटरचं घड्याळही तांब्याभर पाण्यात बुडून मरतं. गरम पाण्यानं अंघोळ करताना तर घड्याळ काढूनच ठेवावं. उष्णतेनं रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि वाफ पाण्यापेक्षा सहज आत शिरते. साबणानं रिंगेवरचं ग्रीसही निघून जातं. गोव्याला समुद्रात जाऊन आलात तर त्याच संध्याकाळी घड्याळ साध्या पाण्यात बुचकळून पुसा, नाहीतर मीठ घुंडीच्या फटीत सुकून बसतं. हे अर्थात पोहण्याजोग्या घड्याळापुरतं.

काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उद्योग करू नका. ओलावा आतच राहतो आणि काट्यांवर, पात्यांवर गंज चढतो. त्याच दिवशी दुकानात उघडून वाळवून घ्या. आणखी एक : सेल बदलताना झाकण उघडलं की पाण्यापासूनची हमी तिथंच संपली असं धरा. नवी रबरी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीस आणि दाबाची चाचणी हे तिन्ही मागून घ्या. चाचणीचं यंत्र प्रत्येक दुकानात नसतं. नसेल तर किमान रिंग तरी बदलून घ्या आणि तिथून पुढं ते घड्याळ पाण्यापासून लांब ठेवा.

आत कुठलं मशीन आहे?

दोन मुख्य जाती. सेलवर चालणारं क्वार्ट्झ आणि स्प्रिंगवर चालणारं यांत्रिक. यांत्रिकात पुन्हा दोन : रोज चावी द्यायचं, आणि हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरून आपोआप चावी भरणारं ऑटोमॅटिक.

क्वार्ट्झमध्ये स्फटिकाचा एक चिमुकला चिमटा विजेनं सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. आतली चिप तेवढंच काम करते आणि सेकंदाला एक ठोका मोटारीला देते. सेकंदकाटा टक्-टक् करत उडी मारतो तो त्यामुळे. असं पहिलं मनगटी घड्याळ सेकोनं २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये विक्रीला आणलं.

यांत्रिकात हेच काम बॅलन्स चाक आणि केसासारखी बारीक स्प्रिंग करतात. सेकोच्या एनएच ३५ या मशीनचं उदाहरण घेऊ, कारण मध्यम किमतीच्या असंख्य घड्याळांत तेच असतं. ते तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. पूर्ण चावी भरली की सुमारे ४१ तास चालतं. शनिवारी रात्री नऊला काढून ठेवलं तर सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास थांबेल. म्हणून "ऑटोमॅटिक आहे, तरी बंद पडतं" ही तक्रार बऱ्याचदा तक्रार नसतेच. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याच्या हाताची हालचालच पुरत नाही. घुंडी न ओढता वीस-तीस वेळा फिरवली की गाडी पुन्हा रुळावर येते. अर्थात मशीनला हातानं चावी द्यायची सोय असेल तर. सेकोच्या जुन्या ७ एस २६ मशीनमध्ये ती नव्हती.

तारखेचं एक पथ्य आहे. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात घुंडीनं तारीख बदलू नका. त्या काळात तारखेचं चाक आधीच दातांत अडकलेलं असतं. वरून जबरदस्ती केली की प्लास्टिकचा किंवा पितळेचा दात मोडतो. आधी काटे फिरवून साडेसहावर आणा, मग तारीख लावा, मग खरी वेळ.

पण महाग घड्याळ जास्त अचूक असणारच ना?

नाही. हीच गोष्ट नव्या माणसाला पटत नाही. एनएच ३५ साठी कंपनीनं सांगितलेली मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी आहे. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालेल्या उंची यांत्रिक घड्याळाला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. आणि कॅसिओचं १९८९ पासून चालत आलेलं प्लास्टिकचं एफ ९१ डब्ल्यू? महिन्याला ३० सेकंद. लाखाचं घड्याळ आठवड्यात जेवढं चुकतं तेवढं ते महिन्यात चुकतं.

मग लोक यांत्रिक का घेतात? कारागिरीसाठी, ठोक्याच्या नादासाठी, आणि पुढच्या पिढीला देता येतं म्हणून. चांगली कारणं आहेत, पण ती वेळेची कारणं नाहीत. अचूक वेळ आणि शून्य कटकट हवी असेल तर क्वार्ट्झ घ्या आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. यांत्रिकाला चार-सहा वर्षांनी तेलपाणी लागतं आणि तो खर्च किमतीत धरावाच लागतो. क्वार्ट्झला लागतो सेल. बंद पडलेल्या घड्याळात तो महिनोन् महिने तसाच ठेवला तर पाझरून सर्किट खातो, एवढंच सांभाळायचं.

'२१ ज्वेल्स' या छापावरही भुलू नका. ते कृत्रिम माणकाचे बेअरिंग असतात, झीज कमी करायला बसवलेले. त्यांना सराफाकडे किंमत नाही. साध्या चावीच्या मशीनला १७ पुरतात.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला वेगळं घड्याळ लागतं का?

लागतं, आणि याचं कारण चुंबक. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड, वेल्डिंगची केबल, लिफ्टिंग मॅग्नेट. बेळगावच्या मशीन शॉपमध्ये चुंबकाशिवाय पान हलत नाही. केसासारख्या स्प्रिंगचे वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटले की तिची काम करणारी लांबी घटते आणि घड्याळ पुढं पळायला लागतं, दिवसाला काही मिनिटंसुद्धा. मालक समजतो मशीन गेलं.

तपासायला होकायंत्र पुरतं. घड्याळ हळूच जवळ न्या. सुई झटकन वळली तर चुंबक शिरलंय. उतरवायचं यंत्र लहान डबीएवढं असतं आणि काम काही सेकंदांचं. मशीन खोलून 'सर्व्हिस' करण्याआधी दुकानदाराला हे पाहायला सांगा. क्वार्ट्झचे काटे चुंबकाजवळ थबकतात, लांब नेलं की पुन्हा चालू लागतात आणि तेवढी वेळ मागं पडलेली असते. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल घड्याळात मोटारच नाही, त्यामुळे त्याला काही होत नाही. लेथवर, फाउंड्रीत काम करणाऱ्यासाठी डिजिटल हाच शहाणपणाचा सौदा. लेथच्या फिरत्या चकजवळ मात्र मनगटावर काहीच नको, घड्याळ खिशात.

मनगटाला बसेल का?

जाहिरातीत '४२ मिमी' एवढंच लिहितात. तो डबीचा व्यास. मनगटावर कसं दिसेल हे ठरवतो तो दुसरा आकडा : वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी. खोलीत पलंग मावतो का हे पाहताना आपण लांबी मोजतो, तसंच. ४० मिमीचं पण लांब कानांचं घड्याळ ४२ मिमीच्या आखूड कानांच्या घड्याळापेक्षा मोठं वाटतं.

मनगट टेबलावर सपाट ठेवून वरून पट्टीनं रुंदी मोजा. समजा ५२ मिमी आली, तर कानापासून कानापर्यंतची लांबी ४८-४९ पर्यंत असावी. ती रुंदीच्या पलीकडे गेली की कान हवेत तरंगतात, पट्टा सरळ खाली लटकतो आणि थाळी बांधल्यासारखं दिसतं. जाडीही पाहा. शर्टाच्या कफाखाली १० मिमी सहज जातं, १३-१४ अडकतं.

काचेबद्दल थोडक्यात : ॲक्रिलिकवर ओरखडे लगेच पडतात, पण पॉलिशनं घासून घालवता येतात. मिनरल काच मधली. सफायरवर रोजच्या वापरात ओरखडा पडत नाही, पण फरशीवर आपटली तर ती फुटू शकते.

जुनं एचएमटी किंवा सेको ऑनलाइन स्वस्तात मिळतंय, घ्यावं का?

एचएमटीचं घड्याळ म्हणजे आपल्याकडे आजोबांची आठवण. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं ही घड्याळं बनू लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून जुन्या 'जनता', 'पायलट'चे भाव चढले. भाव चढले तशी बनवाबनवीही वाढली.

जुनी मशीन, नव्यानं छापलेले डायल, कुठलेही काटे आणि घासून चकचकीत केलेली डबी जोडून विकलेल्या अशा घड्याळांना शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ओळखायचं कसं? भिंगातून डायलवरची अक्षरं पाहा. कारखान्याची छपाई धारदार असते, नवी रंगवलेली पसरट आणि किंचित तिरपी. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत नसतात. पन्नास वर्षांच्या डबीत पोपटी किंवा भगवा कोरा डायल दिसला तर संशय घ्यायलाच हवा. विक्रेत्याकडे झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. मुंबई स्पेशल घेऊच नये असं नाही. हौस म्हणून, जोडलेल्या घड्याळाच्याच किमतीत, माहीत असून घ्यायला हरकत नाही. 'ओरिजिनल' म्हणून घेऊ नये, एवढंच.

घरात आजोबांचं घड्याळ पडून असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनला चावी देऊन लगेच चालवू नका. सुकलेल्या तेलावर दांडे घासतात.

'फर्स्ट कॉपी'बद्दल विचारणारे खूप. नकलेचा पैसा नावात जातो. आतलं मशीन बहुधा सगळ्यात हलकं, पाण्याचा आकडा नुसता छापलेला, आणि दुरुस्तीला सुटे भाग नाहीत. तेवढ्याच पैशात स्वतःच्या नावानं विकलं जाणारं बरं घड्याळ येतं.

पट्ट्याला एवढं काय बघायचं?

घड्याळाचा सगळ्यात आधी संपणारा भाग म्हणजे पट्टा. कातडं, घाम, पाऊस, ऊन सगळं तोच सोसतो. बदलायचा म्हटलं की पहिला आकडा दोन कानांमधल्या आतल्या अंतराचा : बहुधा १८, २० किंवा २२ मिमी. घरात व्हर्नियर असेल तर त्यानं मोजा. १९ आणि २१ सुद्धा असतात आणि तिथंच चूक होते. एका मिलिमीटरनं अरुंद पट्टा बसतो, पण बाजूला फट राहते आणि तो सरकत पिन झिजवतो. रुंद पट्टा दाबून बसवला की चामड्याची कड उलते.

दुसरा आकडा लांबीचा. १२०/७५ म्हणजे भोकांची बाजू १२० आणि बकलाची ७५ मिमी. शिंप्याच्या टेपनं मनगटाचा घेर घ्या. साडेसोळा ते अठरा सेंटिमीटरला ही मापं चालतात. त्याहून बारीक मनगटाला ११०/७० पाहा, नाहीतर बकल मनगटाच्या कडेला येतं आणि शेपूट वळून बाहेर फडफडत राहतं.

आता कशाचा पट्टा? चामड्याचं ज्ञान आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडच्या कारागिरांच्या हातचं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं पट्ट्यालाही उत्तम. मात्र चपलेच्या तळव्याचं जाड कातडं चालत नाही. कानाजवळ अडीच-तीन मिमी, शेपटाकडे दोनच्या आसपास, आतून मऊ अस्तर, आणि पिनेच्या घडीजवळ शिवण पक्की. करवून घेताना हे मोजून सांगा. एक खोच : बकल अस्सल स्टीलचं किंवा पितळेचं हवं. मुलाम्याच्या लोखंडी बकलानं अशा कातड्यावर काळे डाग पडतात. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे ती याच गुणावर.

तयार पट्ट्यावर 'जेन्युइन लेदर' छापलेलं असलं तरी कड पाहा. वाकवल्यावर वरच्या पापुद्र्याला एकसारख्या भेगा दिसल्या तर तो चामड्याच्या भुश्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा थर आहे. चांगल्या कातड्याला बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात.

नायलॉनचा 'नाटो' पट्टा म्हणजे घड्याळाखालून आरपार जाणारी एकच पट्टी. तिचं मूळ १९७३ च्या ब्रिटिश लष्कराच्या मानकात. फायदा असा की एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. तोटा, खालच्या थरानं उंची दोन-अडीच मिमी वाढते, त्यामुळे जाड घड्याळाला तो घालू नये. सिलिकॉन स्वस्त आणि मऊ, पण धूळ, कपड्याची लव सगळं ओढून घेतं. ज्याला रोज घाम येतो त्यानं एफकेएम, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर घ्यावं. महाग पडतं, पण घाम आणि तेल पचवतं. स्टीलची चेन उन्हाळ्यात सगळ्यात सुटसुटीत. ती कमी करताना कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात, म्हणजे बकल मनगटाच्या मधोमध राहतं. कड्यांच्या आत बाण असतो, पिन त्याच दिशेनं बाहेर ठोकायची. दुपारी उष्म्यानं मनगट फुगतं, म्हणून सकाळी माप घेताना करंगळी आत जाईल एवढी ढिलाई ठेवा.

आणि ती दोन रुपयांची पिन

हजारो रुपयांचं घड्याळ दोन स्प्रिंगच्या पिनांवर टांगलेलं असतं, आणि पट्टा बदलताना लोक जुनीच पिन परत घालतात. गंजलेली किंवा वाकलेली पिन मोटारसायकलच्या धक्क्यानं सुटते आणि घड्याळ घाटात कुठं पडलं ते कळतही नाही. पट्ट्याबरोबर पिना नव्या घ्या. जाडीही जुळवा : साध्या घड्याळाला साधारण दीड मिमी, सेकोच्या पाणबुड्या घड्याळांना त्याहून बऱ्याच जाड लागतात.

बदलणं घरी जमतं. टेबलावर मऊ फडकं, त्यावर घड्याळ पालथं. पिन काढायचं दुतोंडी अवजार पट्टा आणि कान यांच्या फटीत घालून पिनेचा खांदा आतल्या बाजूला दाबा आणि पट्टा अलगद उचला. नवी पिन पट्ट्यात ओवून एक टोक कानाच्या भोकात ठेवा, दुसरं दाबत सरकवा, बारीक 'टिक्' ऐकू आली पाहिजे. मग दोन्ही बाजू जोरात ओढून पाहा. ओढल्यावर सुटली तर भोक झिजलंय किंवा पिन आखूड आहे. आजकाल पट्ट्याखाली छोटी घुंडी असलेल्या पिना मिळतात, त्यांना अवजारही लागत नाही.

मृगाचा पाऊस लागला की चामड्याचा पट्टा काढून नायलॉन किंवा रबर चढवा. काढलेला पट्टा ओल्या फडक्यानं पुसून सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हात नको, तडकतो. मग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर खानापूरकडच्या हवेत पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या ब्रशनं अंगणात झटका, घरात नको. मग एरंडेलाचा हलका हात फिरवा. दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर तोही बाहेर काढायचा.